वीस नंबरची सुई

आज पडदे धुवायला काढले. दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काढते, यंदाही काढले. हॉलच्या खिडकीवरच्या दांडीला, अगदी डाव्या टोकाला, एक स्टीलचा आकडा अडकवलेला दिसला. मूळचा स्वयंपाकघरातला, झारा लटकवायचा. गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्याला सलाइनची बाटली टांगत होतो. पडद्याच्या चुणीत लपून वर्षभर तो तिथेच राहिला होता. स्टुलावर उभी राहून तो काढायला हात वर केला आणि मला इतका राग आला की खाली उतरून बसावं लागलं.

समोर तुमचे आजोबा पेपर वाचत होते. या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. त्यांनी पेपर न हलवता विचारलं, "पडलीस का?"

"पडले असते तर आवाज आला असता."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि पान उलटलं.

रेवा, ईशान, हा राग तुमच्यावर नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे तो बराच आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भराभर वाचलं असतंत. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, नोकरीत पस्तीस वर्षं मी इंग्रजीत पत्रं लिहिली, आणि तुमच्या शाळेतल्या बाईंना आवडेल असं इंग्रजी मला अजूनही लिहिता येतं. पण त्या भाषेत मी फार सभ्य होते. रागवायला मला मराठीच लागतं. अडेल तिथे आईला विचारा. बाबाला विचारलंत तरी चालेल. त्यानेही हे वाचायला हवंच आहे.

पुण्याचा उन्हाळा तुम्ही विसरला असाल. परदेशात जाऊन चार वर्षं झाली तुम्हाला. दुपारी एक वाजला की शनिवार पेठेतली आमची गल्ली डोळे मिटते. दुकानांची शटरं खाली, कुत्री गाड्यांच्या खाली, आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून असं येतं की त्यात चहाची पत्ती टाकावी. माठाखालच्या ओल्या फडक्याचा वास, समोरच्या गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांचा आंबूस वास, संध्याकाळी मोगरा. या सगळ्यातून जिलबी फरशीची सर्वांत गार चौकट शोधून काढायची आणि तिच्यावर नावाप्रमाणे वेटोळं करून पडायची. नाव ईशानच्या जन्माच्या वर्षी रेवाने ठेवलेलं. पाच वर्षांची होतीस तू, रेवा. पिशवीतून भिजलेलं मांजराचं पिल्लू काढलंस आणि म्हणालीस, ही जिलबी आहे, हिला कोणी खायचं नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटाला ती माठापाशी बसायला लागली. तोटीतून थेंब पडायचा तो जिभेवर घ्यायची. मग वाटीतलं प्यायची. मग माझ्या पूजेच्या तांब्यातलं. पीत राहायची. मी कौतुकाने म्हटलं, बघा, उन्हाळा लागायच्या आधीच पाण्याचं भान आलं हिला, माणसांपेक्षा शहाणी. ही माझी पहिली चूक. मांजर असं पाणी पितं तेव्हा ते आतून कोरडं पडत असतं. पंधरा दिवसांनी ती उडी मारून खिडकीत चढेना, तेव्हा आम्ही तिला टोपलीत घालून रिक्षाने नदीपलीकडे डॉक्टरांकडे नेलं.

डॉ. मेश्राम तिशीच्या असतील. मूळच्या भंडाऱ्याच्या, इथे शिकायला आल्या आणि राहिल्या. त्यांनी जिलबीची कातडी दोन बोटांत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, हळूहळू खाली बसली. त्यांनी ते आम्हांला तीनदा करून दाखवलं. मग पुढच्या पायावरचे केस काढून रक्त घेतलं.

"किडन्या थकल्या आहेत, आजी. त्या पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत. पण अंगातलं पाणी टिकवलं तर बरेच महिने काढू शकते. कातडीखाली सलाइन द्यायचं, एक दिवसाआड. दर वेळी रिक्षात घालून आणलं तर ती भीतीनेच अर्धी होईल. घरीच द्या, मी शिकवते."

"घरी? आम्ही?" आजोबा म्हणाले. "आमचं दोघांचं मिळून दीडशे वय आहे, डॉक्टर."

"मग तर अनुभव भरपूर झाला न, आजोबा. या इकडे, बाटली धरा."

त्या दिवशी शिकलेलं सगळं मी वहीत उतरवून घेतलं. तुम्हाला माझ्या वह्या माहीत आहेत. मांजराला टबात बसवायचं, टबात जुनी सुती साडी. खांद्यांच्या मध्ये कातडी उचलायची, तिचा तंबू होतो. सुईचं तोंड तिरकं कापलेलं असतं, ते वर ठेवायचं. तंबूच्या दारातून आत शिरायचं, समोरच्या कापडातून बाहेर नाही यायचं. नळीची चक्की पूर्ण उघडायची. बाटलीवरच्या खुणा बघत शंभर मिली. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आपण वीस नंबरची घ्यायची, बुडाशी पिवळा रंग असतो. आणि शेवटचा नियम, ज्याखाली मी पट्टीने रेघ मारली: दर वेळी नवी सुई.

पहिले तीन आठवडे मला त्या वहीतल्या अक्षरासारखे सुबक आठवतात. चार वाजता चहा, मग टब. आजोबा बाटली आकड्याला लावायचे आणि चष्मा कपाळावर सरकवून खुणा वाचायचे. बाटली उलटी टांगलेली, त्यामुळे आकडेही उलटे.

"अहो, किती झालं?"

"साठ. की नव्वद? नाही, साठच. हा बाटलीवाला डोक्यावर उभा राहून आकडे छापतो की काय!"

डॉक्टरांनी दिलेल्या सुया दहा होत्या. पिवळ्या बुडाच्या. टोचली की जिलबीचा एक कान फक्त मागे वळायचा, जणू दारावर कोणी आलंय आणि उठायची गरज नाही. पाच-सहा मिनिटांत सगळं उरकायचं. मग खांद्यांवर पाण्याचा एक उंचवटा, तो लिबलिबत रात्रीपर्यंत पुढच्या पायाकडे उतरायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेब खिडकीत. कबुतरांना शिव्या देत.

तेव्हाच तुमच्या बाबाचा फोन आला. मला, एकटीला.

"आई, जिलबीचं मुलांना काही सांगू नकोस हं. रेवाची बोर्डाची परीक्षा आहे. जूनच्या मध्यापर्यंत चालणार. ती कशी आहे तुला माहितीये, दोन दिवस रडत बसेल."

"विचारलं तर?"

"विचारलं तर छान आहे म्हण. आणि व्हिडिओ कॉल आपण साडेतीनला करू, तुमचं ते सलाइन व्हायच्या आधी. तो उंचवटा दिसायला नको."

तुमचा बाबा वाईट नाही. हे मला लिहावं लागतं, कारण मी त्याची आई आहे आणि कारण ते खरं आहे. त्याला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. पण ठरवलं त्याने, आणि पाळलं मी. रविवारी तीन वीसला मी जिलबीला मांडीवर घ्यायचे आणि कंगव्याने तिच्या पायावरचे केस खाली ओढायचे, रक्त घेतलेली जागा झाकली जाईपर्यंत. मग तिला फोनसमोर धरायचे. तुम्ही ओरडायचात, "जिल्बी! जिल्बी!" ती आवाजाकडे मान वळवायची. तुम्हाला वाटायचं किती छान आहे. दिसायलाच तशी केलेली होती.

दहा सुया संपल्या. आणायला गेले. औषधाच्या दुकानावर पाटी, एक ते चार बंद. सव्वाचारला उघडलं. मालकांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "काय हवंय?"

"वीस नंबरच्या सुया."

"कोणाला?"

"मांजराला."

आता बघितलं. "आजी, मांजराला वीस नंबर? सुई आहे की दाभण? चोवीस घेऊन जा, बारीक असते. मुकं जनावर आहे, दया करा जरा."

मला त्यांचं पटलं. याचाच मला आज इतका संताप येतो. वहीत रेघ मारून लिहिलेलं होतं, शिकवणारी मुलगी पाच वर्षं तेच शिकून आलेली होती, आणि मी काउंटरपलीकडच्या माणसाच्या दयेवर विश्वास ठेवला. जांभळ्या बुडाच्या, केसासारख्या बारीक. हातात धरल्यावरच आपण किती कनवाळू असं वाटावं अशा.

त्या बारीक सुईतून शंभर मिली जायला पंचवीस मिनिटं लागली. पहिली पाच मिनिटं जिलबी बसली. मग तिने मान फिरवली. मग ती उठली, सुई निघाली, पाणी साडीवर, आजोबांच्या पायांवर. पुन्हा टोचली. पुन्हा निघाली. एका दयेपायी तीनदा टोचलं मी तिला. आठ दिवस हे चाललं.

डॉ. मेश्राम यांनी ती जांभळी सुई बघितली आणि कपाळाला हात लावला. "आजी, टोचल्याचं एका क्षणात विसरते ती. धरून ठेवलेलं नाही विसरत. बारीक सुई तुमच्या समाधानासाठी आहे, तिच्या नाही." आणि वीस नंबरचा शंभर सुयांचा अख्खा डबा मागवून दिला.

डबा. शंभर सुया. नीट वाचा, कारण आता जे केलं त्याला काही म्हणजे काही कारण नव्हतं. सुया संपत आल्या नव्हत्या. मिळत नव्हत्या असंही नाही. मी पहिली सुई वापरली, पुसली, उजेडात धरली. चकचकीत, सरळ, नवीकोरी. आणि ती मला फेकवली नाही.

माझे वडील, आण्णा, वाईला डॉक्टर होते, हे तुम्ही ऐकलं आहे. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत. काचेच्या सिरिंजा आणि स्टीलच्या सुया रोज सकाळी स्टोव्हवर पातेल्यात उकळायच्या. सुई ही वस्तू होती, तिला घरात जागा होती, एकेक सुई वर्ष वर्ष चालायची. फेकायची सुई म्हणजे काय हे आम्हांला माहीतच नव्हतं. मी त्या घरातली मुलगी. मी लहान पातेलं काढलं, सुई उकळली, स्वच्छ फडक्यावर वाळवली, झाकणाच्या डबीत ठेवली. पुढच्या वेळी तीच. त्याच्या पुढच्या वेळीही तीच. पाच-पाच, सहा-सहा वेळा. आजोबा एकदा म्हणाले, "डबा भरलेला आहे, तू काय उकळतेस?" मी म्हटलं, "तुम्ही खुणा वाचा."

मे लागला. दुपारी डांबर चपलेला चिकटायचं. बहावा पिवळाधमक फुलला होता. आणि जिलबी चारच्या आधी दिवाणाखाली जाऊन बसायला लागली. तिला घड्याळ कळत होतं. टब काढल्याचा आवाज आला की गुरगुर. मी हात घालून ओढून काढायचे. टोचलं की ती किंचाळायची. मांजराचं किंचाळणं तुम्ही ऐकलेलं नाही, ऐकू नका. एकदा तिने आजोबांचा अंगठा फोडला. अकरा वर्षांत तिने कोणाला ओरखडा काढला नव्हता.

आता सगळ्यांना सगळं कळायला लागलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, किती हाल करता हो. भिशीतल्या बायका म्हणाल्या, आपल्या वयात हे लचांड कशाला. तुमचा बाबा म्हणाला, "आई, ती सांगतेय तुला. तिला नकोय आता. सोड तिला." सगळे शांत, समजूतदार आवाजात. मांजराची भाषा सगळ्यांना येत होती, एकट्या मांजराला विचारायचं राहिलं होतं.

आणि मी सोडलं. हेही मीच केलं. एके दिवशी टब काढला नाही. जिलबी दिवाणाखालून बाहेर आली, माझ्या पायाला अंग घासून गेली, आणि मला वाटलं, आभार मानतेय. पाच दिवस मी तिला काही दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने खाणं सोडलं. चौथ्या दिवशी ती माठाखाली जाऊन पडली, ओल्या फडक्यावर हनुवटी ठेवून, आणि थेंब पडला तरी जीभ काढीना.

पाचव्या दिवशी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर वाती वळत होते. काहीतरी करायला हवं होतं हाताला. शेजारी ती सुयांची डबी. डॉक्टरांकडे टाकायला न्यायच्या म्हणून उघडली, एक सुई उचलली. बोटांना कापूस लागलेला होताच. सुई कापसावरून ओढली गेली आणि कापसाचा एक तंतू टोकाला अडकून वर आला.

पुन्हा ओढली. पुन्हा अडकला.

वाईच्या दवाखान्यात माझं काम काय होतं सांगू? दहा-बारा वर्षांची होते. उकळायच्या आधी प्रत्येक सुई कापसावरून ओढून बघायची. कापूस अडकला तर टोक वळलंय, तिला बारीकसा आकडा आलाय, ती वेगळी काढायची. आण्णा ती दगडावर घासून पुन्हा धार लावायचे. न बघता ठेवली तर म्हणायचे, "तुझ्या दंडात खुपसू का?" शेकडो सुया मी अशा ओढल्या आहेत. उकळायचं तेवढं मला साठ वर्षांनी आठवलं, आणि कापूस आठवला नाही.

"अहो, भिंग द्या."

आजोबांनी शब्दकोड्यासाठी ठेवलेलं भिंग दिलं. टोकाचा माशाचा गळ झाला होता. डबीतल्या तिन्ही सुयांचा. ही आजकालची सुई एकदा कातडीतून जाण्यासाठीच केलेली असते. दुसऱ्यांदा ती टोचत नाही, फाडते. मी तिला त्या गळाने टोचत होते, महिनाभर, उकळून, स्वच्छ करून, फडक्यावर वाळवून.

जिलबी मरण मागत नव्हती. ती चांगली सुई मागत होती.

आजोबांनी भिंगातून बराच वेळ बघितलं. मग उठले, माठाखालून तिला उचलून आणलं आणि बाटली आकड्याला लावली. मी डब्यातली नवी सुई फोडली. टेबलाच्या कडेला कोपर टेकवलं. तंबू. तिरकं तोंड वर. तिचा एक कान मागे वळला. बस. दारावर कोणी आलंय, उठायची गरज नाही.

संध्याकाळी तिने दोन चमचे खाल्लं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं आणि मी सगळं सांगितलं, उकळण्यासकट, पाच दिवसांसकट. मला वाटलं ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "आता रोज द्या. पण हे पाच दिवस भरून येतील असं मी म्हणणार नाही, आजी." रिक्षात आजोबांनी टोपली मांडीवर घेतली होती आणि लकडी पुलावरच्या सिग्नलला ते टोपलीच्या फटीत बोट घालून बसले होते. तेच, अंगठा फोडलेल्या हाताचं.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. दुपारच्या त्या आंधळ्या उजेडात ती पुन्हा गार चौकटीवर पडायची. आंब्याच्या पेटीतलं गवत तिने सगळ्या घरभर केलं. एकदा खिडकीत चढली, तेव्हा आजोबांनी टाळी वाजवली आणि ती दचकून खाली उतरली. मी महिनाभर त्यांना ते बोलून दाखवलं असतं, पण तेवढे दिवस उरले नव्हते.

मेच्या शेवटच्या रविवारी, साडेतीनला, तुमचा कॉल आला. रेवा, तुला आठवत असेल. तू म्हणालीस की मैत्रिणींबरोबर शिबिराला जायचंय जुलैत, आणि ईशानचा पोहण्याचा वर्ग आहे, तर पुण्याला डिसेंबरमध्ये आलं तर चालेल का. बाबा मागे उभा होता. मग तू स्वतःहून विचारलंस, आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलंस: "आजी, जिलबी ठीक आहे ना? ती ठीक असेल तरच हं. नाहीतर मी परीक्षा संपली की लगेच येते."

तुझ्या मागे उभ्या असलेल्या बाबाने किंचित मान हलवली, नाही म्हणून. मी जिलबीचे केस नीट केले आणि म्हटलं, "छान आहे."

कॉल संपला. आजोबा खिडकीपाशी बाटली धरून तयार उभे होते. खाली न बघता म्हणाले, "चोवीस नंबरची वापरलीस."

मी टब पुढे ओढला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जिलबी गेली. दुपारी, माठाखाली, मी जवळ बसलेली असताना. हवा कोंदली होती आणि समोरच्या गच्चीवर कोणीतरी घाईघाईने कुरडया गोळा करत होतं. तुझे दोन पेपर राहिले होते. ते संपेपर्यंत तुम्हाला सांगितलं गेलं नाही, आणि मग सांगितलं गेलं की झोपेतच गेली, एकदम, काही त्रास झाला नाही. तू मला निरोप पाठवलास: "आजी, निदान तिला त्रास नाही झाला." तो निरोप मी अजून पुसलेला नाही. नऊ महिने मी त्याला उत्तर दिलेलं नाही. हे उत्तर आहे.

त्रास झाला. एकदम गेली नाही, तीन महिने लागले. त्यातला निम्मा त्रास दुखण्याचा होता आणि निम्मा माझा. आणि तुला यायचं होतं, तू विचारलंस, परीक्षा संपायची वाट न बघता तुला येता आलं असतं, आणि ते मी दोन शब्दांत बंद केलं. तुमची मांजर होती. तिला निरोप द्यायचा की परीक्षा द्यायची, की दोन्ही, हे ठरवायला सोळा वर्षांची मुलगी पुरेशी मोठी होती. ते तिला कळू न देण्याइतके आम्हीच मोठे झालो होतो. तुला राग येईल. यायलाच हवा. तो गिळू नकोस, बाबाच्या परीक्षा नाहीत सध्या.

एवढं लिहून मी थांबणार होते. आकडा काढून स्वयंपाकघरात न्यायचा, पडदे भिजत घालायचे. पण मग मी समोर बघितलं.

दहा दिवसांपूर्वी आजोबांच्या छातीत दुखलं. रिक्षाने गेलो, जवळच्याच रुग्णालयात. मनगटातून नळी घालून हृदयापर्यंत नेली आणि बंद झालेली एक वाट उघडली. चार दिवस होते. आता घरी आहेत, जेवतात, पेपर वाचतात, मला टोमणे मारतात. डॉक्टर म्हणतात, हे पाऊल चांगलं पडलं, पुढचं आम्ही सांगू शकत नाही. रुग्णालयात परिचारिकेने टोचून झालेली सुई डब्यात टाकली, तेव्हा ते तिला म्हणाले, "जरा आमच्या हिला दाखवून टाका हो." ती बिचारी बघतच राहिली. मी हसले, आणि बाहेर जाऊन रडले.

तुमच्या बाबाला त्याच दिवशी कळवलं. तो रोज दोनदा फोन करतो, यायला निघाला होता, आम्हीच थांबवलं. आणि मग म्हणाला, "आई, मुलांना आत्ता नको. ईशानच्या चाचण्या आहेत, रेवाचं हे वर्ष महत्त्वाचं आहे." आणि मी, या बाईने, हो म्हटलं.

गेल्या रविवारी तुम्ही आजोबांना बघितलंत. ईशान, तू म्हणालास, "आजोबा, एवढं गरम आहे तर फुल शर्ट का?" ते म्हणाले, "पंखा फार लागतो." त्या बाहीच्या आत मनगटापासून कोपरापर्यंत त्यांचा हात काळानिळा आहे, कडेने पिवळा पडत चाललेला. बटणं मी लावली होती. तीन वीसला.

हे पत्र मी तुमच्या बाबाला आणि तुम्हाला एकाच वेळी पाठवते आहे, आधी त्याला नाही. यायचं की नाही, कधी यायचं, हे आता तुम्ही घरात बसून ठरवा, मोठ्याने, चौघांनी. काय ठरवता ते मी विचारणार नाही.

आजोबांना आत्ताच वाचून दाखवलं. पेपर खाली ठेवून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "लांबलंय थोडं." मग उजव्या हाताने डाव्या मनगटाचं बटण काढायला लागले. ते त्यांना एका हाताने जमेना, मी काढलं.

आकडा दांडीवरच राहू दिला आहे. रविवारी साडेतीनला फोन करा. अर्ध्या बाहीचा शर्ट इस्त्री करून ठेवते.